घरची नानकटाई आणि दिवाळीचा भेटीचा डबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र संपलं की हे प्रश्न यायला लागतात आणि वसुबारसेपर्यंत थांबत नाहीत. निम्म्याहून अधिक प्रश्न नानकटाईचे असतात, म्हणून तिच्यासाठी इथे जास्त जागा ठेवली आहे. बाकीचे प्रश्न फराळाचा डबा भरण्याचे, पाठवण्याचे आणि त्याबरोबर हाताने केलेलं काही देण्याचे आहेत. उत्तरांत जिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे तिथे तो जरूर पाहा.

१. फराळ तर तळणीचा असतो. भेटीच्या डब्यात नानकटाई कशासाठी?

ती टिकते, प्रवास सोसते आणि तळणाचा वास धरत नाही, म्हणून. शिवाय बेकरीच्या भट्टीवर घरचं तूप, साखर, मैदा नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांतही आहे, त्यामुळे दिवाळीच्या फराळात ती उपरी वाटत नाही. नावातला ‘नान’ म्हणजे फारसीतली भाकरी, आणि सुरतेच्या बेकऱ्यांशी तिचं नाव जोडलेलं आहे. साध्या बिस्किटाचं पीठ पाणी किंवा दूध घालून मळलं जातं. नानकटाईत ओलावा जवळजवळ नसतोच, पीठ एकत्र येतं ते फक्त तुपावर. तिचा खुसखुशीतपणा तिथूनच येतो.

२. अचूक प्रमाण सांगा. वाटीने मोजलं तर चालेल का?

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट, वेलचीपूड पाऊण छोटा चमचा आणि थोडं जायफळ किसून. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर २५ ते २७ नानकटाया होतात.

वाटीने मोजू नका. ‘एक वाटी तूप, दोन वाट्या मैदा’ हे प्रमाण तोंडी फार चालतं, आणि नानकटाई पसरल्याच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. वाटीभर घट्ट तूप वाटीभर चाळलेल्या मैद्याच्या दीडपटीहून जास्त भरतं. मैदा दाबून भरला की सैल, यावरही वजन बरंच हलतं. साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर निम्मं काम झालं. बेसन ताजं घ्या, कारण जुनाट बेसनाचा कडवटपणा तुपातही लपत नाही.

३. तूप वितळवून घ्यायचं की घट्ट? फेटायचं किती?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. तूप घट्ट आणि रवाळ हवं, बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपत मऊ. तूप कढवून झाल्यावर फ्रिजमध्ये न ढकलता स्वयंपाकघरातच सावकाश थिजू दिलं, की दाणा चांगला पडतो.

तूप आणि पिठीसाखर एकाच दिशेने ५ ते ७ मिनिटं फेटा. हाताने फेटत असाल तर तळव्याचा भाग वापरून परातीत घासत फेटा. तुपाचा पिवळा रंग उतरून ते पांढुरकं होतं, हाताला हलकं लागतं आणि चमच्यावरून चटकन पडत नाही, तेव्हा थांबा. फेटताना घट्ट तुपात हवेच्या बारीक जागा तयार होतात. भट्टीत सोड्याचा वायू त्याच जागांत शिरून त्या फुगवतो. पातळ तूप हवा धरूनच ठेवत नाही, म्हणून कितीही सोडा घातला तरी पातळ तुपाची नानकटाई दडस होते.

अडचण ऑक्टोबरच्या उन्हाची आहे. खोली ३०–३२ अंशांवर गेली की तूप फेटता फेटताच पाझरायला लागतं. अशा वेळी परात गार पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून फेटा आणि हे काम सकाळी लवकर उरका.

यानंतर मैदा, बेसन, रवा, पावडर, सोडा आणि मीठ दोनदा एकत्र चाळून त्यात घाला. मळायचं नाही. बोटांनी गोळा करत आणायचं. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर मैद्याला तार येते आणि नानकटाई चिवट होते. पीठ मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने मोडला तर भुगा व्हावा, इतकंच हवं. झाकून २० मिनिटं ठेवा. मग गोळे करून अलगद चपटे करा, वर पिस्ता किंवा चारोळी दाबा आणि दोन गोळ्यांत दीड-दोन बोटांचं अंतर ठेवून ताटलीत मांडा.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर १० मिनिटं आधी तापवून घ्या. १८ ते २२ मिनिटं लागतात. खालची बाजू फिकट सोनेरी झाली की काढा. वरचा भाग जवळजवळ पांढराच राहतो, त्याची वाट पाहत बसू नका. बाहेर काढल्यावर ती मऊ असते आणि उचलली तर मोडते. ताटलीतच १५–२० मिनिटं राहू द्या, गार होता होता ती घट्ट होते.

४. माझी नानकटाई पसरून पापडासारखी होते / तिला भेगाच पडत नाहीत / दगडासारखी होते. काय चुकतं?

पसरते तेव्हा तूप जास्त झालेलं असतं, तूप पातळ असतं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नसतो. थंड ओव्हनमध्ये पीठ बसायच्या आधी तूप वितळतं आणि गोळा बसका होतो. उपाय म्हणून मांडलेले गोळे ताटलीसकट १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि तसेच गरम ओव्हनमध्ये सरकवा. आधी एकच गोळा भाजून पाहण्याची सवय लावून घ्या. तो पसरला, तर उरलेल्या पिठात दोन मोठे चमचे मैदा मिसळा.

भेगांचं गणित वेगळं आहे. वरचा थर आधी सुकून बसतो, आतला वायू उशिरा फुगतो आणि थर तडकतो. पीठ ओलसर असेल किंवा गोळा तळहातावर फार घोटून गुळगुळीत केला असेल, तर तडे जात नाहीत. रवा वगळला तरी तेच होतं. गोळा हलक्या हाताने वळा.

दगडासारखी होते ती जास्त भाजल्यामुळे किंवा तूप कमी पडल्यामुळे. बऱ्याचदा ‘ओव्हनमध्ये मऊच लागली म्हणून अजून १० मिनिटं ठेवली’ हे कारण निघतं. प्रश्न ३ चा शेवट पाहा.

५. सोडा, बेकिंग पावडर, दही यातलं नेमकं काय घालावं?

खायच्या सोड्याला पूर्ण काम करायला आंबट काहीतरी लागतं. ते नसेल आणि सोडा जास्त झाला, तर नानकटाई तपकिरी पडते आणि जिभेला साबणासारखी लागते. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच असतं, म्हणून मुख्य भार तिच्यावर ठेवून सोडा चिमूटभरच घ्यायचा. दही घातलं तर चव छान येते, पण ओलावा वाढतो आणि टिकण्याचे दिवस कमी होतात. भेटीच्या डब्यासाठी दही टाळा. बेकऱ्यांत ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात ते अमोनियम बायकार्बोनेट घरच्या छोट्या ओव्हनमध्ये वापरू नका. ते नीट उडून गेलं नाही तर उग्र वास मागे राहतो.

६. ओव्हन नाही. कुकरमध्ये किंवा कढईत होईल?

होते. प्रेशर कुकर रिकामा तापवण्यापेक्षा घट्ट झाकणाची जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं बरं. नॉनस्टिक भांडं मात्र नको. तळाशी बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर लोखंडी रिंग ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. मग तूप लावलेली ॲल्युमिनियमची ताटली रिंगवर ठेवून आच अगदी बारीक करा. २० ते २५ मिनिटं लागतात आणि पहिली १५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरच वापरणार असाल तर रबर आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवा. उष्णता खालून येते, त्यामुळे खालची बाजू लवकर रंगते. ताटलीखाली दुसरी ताटली उपडी ठेवली की हा फरक कमी होतो. एका खेपेला सात-आठच होतात, तेव्हा डबे मोजून मगच हा मार्ग धरा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १५०–१६० अंशांवर खालच्या जाळीवर छान होतात. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर होत नाहीत.

७. बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायची तर काय तयारी करावी?

आधी जाऊन दिवस आणि वेळ ठरवून या. भट्टी पावासाठी कडक तापलेली असते. पाव निघाल्यावर उतरत्या आचेवर नानकटाई चांगली होते, त्यामुळे बेकरीवाले बहुधा दुपारची वेळ देतात. मजुरी किलोवर ठरते, आणि ती मैद्याच्या वजनावर की तयार मालाच्या, हे आधीच विचारून घ्या.

प्रश्न २ चं प्रमाण चौपट केलं तर मैदा ८०० ग्रॅम, बेसन २००, रवा १००, तूप ६०० आणि पिठीसाखर ५०० ग्रॅम होते. यातून साधारण दोन किलो नानकटाई घरी येते. साखर घरी दळून, चाळून न्या. तूप बरणीत घट्टच न्या, गरम करून ओतू नका. ट्रेवर नावाची चिठ्ठी लावायला सांगा, दिवाळीत अदलाबदल होते. रिकामे डबे न्या, पण गरम नानकटाईवर झाकण लावू नका. वाफ आत अडकली तर दुसऱ्या दिवशी ती मऊ पडलेली असते. उघड्या डब्यावर कागद टाकून घरी आणा आणि पूर्ण गार झाल्यावरच झाका.

मुंबईत २०२५ पासून लाकडाच्या भट्ट्या गॅसवर किंवा विजेवर वळवायला लावल्या जात आहेत. तुमच्या नेहमीच्या बेकरीत भट्टी बदलली असेल तर आधी एक छोटा ट्रे भाजून पाहा. आच वेगळी असली की वेळही वेगळा लागतो.

८. आमच्याकडे अंडं चालत नाही. बेकरीचे ट्रे आणि परात चालतील का?

पीठ घरून तयार करून न्या आणि ट्रेवर अंथरायला बटर पेपर सोबत ठेवा. भट्टी सगळ्यांची एकच असते, हे मात्र बदलता येत नाही. ज्या घरी डबा देणार तिथे हे कटाक्षाने पाळत असतील, तर त्यांच्यापुरत्या नानकटाया घरीच करा (प्रश्न ६).

९. मैदा किंवा साखर नको असेल तर?

मैद्याऐवजी तेवढीच बारीक चाळलेली कणीक चालते. नानकटाई थोडी भरड आणि रंगाने गडद होते, चव उत्तम लागते. नाचणीची करायची तर नाचणीचं पीठ १०० ग्रॅम आणि कणीक १०० ग्रॅम घ्या, नाचणी आधी मंद आचेवर कोरडी भाजा म्हणजे कच्चट वास जातो. नुसत्या नाचणीची नानकटाई डब्यात पोचेपर्यंत भुगा होते.

गूळ चिरून घातला तर ओलावा येऊन पीठ चिकट होतं. कोरडी गूळपावडर चाळून घ्या, तूप १० ग्रॅम कमी करा आणि १५० अंशांवर भाजा, गूळ लवकर करपतो. गुळाची झाली म्हणून ती मधुमेह असलेल्यांना मोकळेपणाने खाता येते असं नाही. त्यांच्या डब्यात भाजक्या पोह्यांचा चिवडा जास्त आणि गोड थोडं द्या.

१०. डब्यात काय काय किती दिवस टिकतं? कोणत्या क्रमाने करावं?

हवाबंद डब्यात नानकटाई तीन आठवडे चांगली राहते. बेसनाचे लाडू १५ ते २० दिवस, शंकरपाळे तेवढेच, चकली आणि शेव १५ दिवस, सुक्या खोबऱ्याच्या करंज्या १० ते १५ दिवस. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू तीन-चार दिवस, ओल्या नारळाच्या करंज्या त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. ओल्या नारळाचं काहीही भेटीच्या डब्यात भरू नका, हाताने नेऊन द्या.

क्रमही यावरूनच ठरतो. नानकटाई आणि शंकरपाळे आठ-दहा दिवस आधी, मग बेसनाचे लाडू, मग चकली-शेव-चिवडा, आणि करंज्या शेवटी. अनारशाचं पीठ मात्र सगळ्यांच्या आधी लागतं. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, दळून, गूळ घालून मुरवायचे असतात.

११. डबा भरायचा कसा, म्हणजे पोचेपर्यंत चुरा होणार नाही?

नानकटाईची पाठ सपाट आणि पोट फुगीर असतं. दोन-दोन नानकटाया पाठीला पाठ लावून, बांगड्यांसारख्या उभ्या रांगेत बसवा. आडव्या रचल्या तर सगळ्यात खालच्या थराला भार सोसत नाही. रांगेच्या टोकाला चुरगळलेला बटर पेपर कोंबा. झाकण लावून डबा कानाशी हलवा, आवाज आला तर अजून कागद हवा. रिकाम्या जागेत चिवडा भरण्याची युक्ती सुचते खरी, पण चिवड्याचा हिंग, लसूण आणि तेल दोन दिवसांत नानकटाईत उतरतं. गोड आणि तिखटाचे डबे वेगळेच ठेवा.

वर्तमानपत्राचा कागद पदार्थाला लागू देऊ नका. तूप-तेल शाई सोडवून घेतं. कुरिअरने पाठवताना डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात, चारही बाजूंनी दोन बोटं गादी ठेवून बसवा. आत एक चिठ्ठी घाला: काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खावं, आणि शेंगदाणे, काजू, बेसन, गहू, दूध यांपैकी कशात काय आहे. ज्यांना कशाची ॲलर्जी आहे त्यांना या चिठ्ठीचा फार उपयोग होतो.

१२. परदेशात पाठवता येईल का?

कोरडे भाजलेले पदार्थ बहुतेक ठिकाणी जातात, दूध-खव्याचे अडतात. ऑस्ट्रेलियात बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ला अशा दुधाच्या मिठाया दिवाळीच्या पार्सलमधून काढून टाकल्या जातात. अमेरिका, ब्रिटन, आखाती देश, प्रत्येकाचे नियम निराळे आहेत आणि बदलत असतात. पाठवण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. घोषणापत्रावर ‘मिठाई’ असं मोघम लिहू नका. पदार्थाचं नाव, घटक, वजन आणि किंमत लिहा, आणि ‘घरी केलेली भेटवस्तू’ असं स्पष्ट नमूद करा. पार्सल दिवाळीच्या तीन आठवडे आधी निघायला हवं, त्यामुळे नानकटाई, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू एवढंच धरा. लाडूंत तूप असतं, त्याबद्दल नियम आवर्जून तपासा.

१३. विमानाने स्वतः नेणार आहोत. सुकं खोबरं का काढायला लावतात?

सुक्या खोबऱ्यात तेलाचं प्रमाण खूप असतं आणि ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. भारतात मार्च २०२२ पासून चेक-इन सामानातही त्याला बंदी आहे. करंज्यांसाठी खोबऱ्याच्या वाट्या किंवा कीस बॅगेत भरू नका, पोचल्यावर तिथे विकत घ्या. तयार करंज्यांबद्दल विमान कंपनीला आधी विचारा.

१४. डब्याबरोबर घरी केलेलं उटणं द्यायचं आहे. प्रमाण?

मसूर डाळीचं पीठ १०० ग्रॅम, संत्र्याच्या सुकवलेल्या सालीची पूड २० ग्रॅम, नागरमोथा २० ग्रॅम, कपूरकाचरी २० ग्रॅम, वाळा १० ग्रॅम, आंबेहळद १० ग्रॅम. सगळं कडकडीत सुकलेलं हवं, नाहीतर पुरचुंडीत बुरशी धरते. वस्त्रगाळ करा, वाळ्याचे धागे राहिले तर अंगाला टोचतात. कागदी पुडीवर ‘अंगाला लावण्यासाठी’ असं ठळक लिहा. पुडी फराळाच्या डब्यात ठेवायची नाही. तूप आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतं आणि सगळी नानकटाई कपूरकाचरीची लागते.

१५. वसई-गोव्याकडे नाताळात असे डबे देतात. दिवाळीच्या डब्याशी त्याचं काही नातं आहे का?

देण्याघेण्याचं नातं आहे. दिवाळीचं ताट ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातं आणि नाताळात त्यांच्याकडून ताट येतं. गोव्यातल्या नाताळाच्या ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंक असतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीचीच बहीण, ती चतुर्थीलाही होते आणि नाताळातही. दोदोल आणि बेबिंकमध्ये नारळाचं दूध असतं, त्यामुळे ते हातोहात देण्याचे पदार्थ. लांब पाठवायचे तर प्रश्न १० मधला ओल्या नारळाचा इशारा इथेही लागू.

१६. घरचा फराळ थोडा विकायचाही आहे. परवाना लागतो?

भेट दिली तर नाही. पैसे घेतले की लागतो: स्वयंपाकघर घरचं असलं तरी एफएसएसएआयकडे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे) नोंदणी करावी लागते. ऑनलाइन होते. दिवाळीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा श्रावणातच उरका.

१७. ज्या घरी यंदा दुःख झालं आहे त्यांना फराळ द्यावा का?

द्यावा, आवर्जून. दुःखाच्या घरी त्या वर्षी तळण होत नाही, म्हणूनच नातेवाईक आणि शेजाऱ्यांनी फराळ नेऊन द्यायची रीत आहे. त्या घरात मुलं असतातच. सजावट, रिबन, शुभेच्छापत्र नको. साधा स्टीलचा डबा घेऊन स्वतः जा, दाराशी न थांबता आत जाऊन बसा. ‘डबा परत द्यायची घाई करू नका’ एवढं सांगून या. एरवी आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. त्या घराला यंदा ती काळजी नको.

१८. नानकटाई मोडली, पसरली किंवा जास्त भाजली गेली. देण्यासारखी नाही. काय करू?

मोडलेली आणि पसरलेली मिक्सरमध्ये भरड करून दोन-तीन चमचे पातळ तुपात लाडू वळा, चांगले लागतात. त्यात साखर पुन्हा घालू नका. वाटीत चुऱ्याचा थर देऊन वर श्रीखंड घातलं तरी छान लागतं. थोडी जास्त भाजलेली चहाबरोबर संपते. सोडा जास्त झालेली मात्र कशानेच सुधारत नाही, लाडवातही ती साबणासारखी चव राहते. ती टाकून द्या आणि पुढच्या खेपेला सोडा चिमटीनेच मोजा.